हिवाळ्यात बालवाडीतील मुलांचा दिवस अंगणात कसा घालवावा

लहान मुलांना दिवसभर बाहेर ठेवता येईल असा काळ नागपुरात फार थोडा मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर अंगणात उभे राहवत नाही आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आठवडेच्या आठवडे वाळत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने तेवढे असे असतात, की तीन ते सहा वर्षांची मुले रोज पाच-सहा तास उघड्यावर आनंदाने राहू शकतात. दुर्दैवाने नेमक्या याच महिन्यांत अनेक बालवाड्यांच्या खिडक्या बंद होतात, कारण मुलांना थंडी बाधेल ही काळजी आईवडिलांना असते आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे ताईंना सुचत नाही. सर्दी आणि खोकला विषाणूंमुळे होतो, आणि दारे लावून घेतलेल्या खोलीत पंचवीस मुले एकत्र बसली की तो जितक्या सहज पसरतो तितका मोकळ्या हवेत पसरत नाही. हे उत्तर खरे आहे. मात्र बाहेरचा दिवस नीट आखलेला नसेल तर पालकांचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि बसूही नये.

मुलांना अंगणात शिकवणे आपल्याकडे नवे नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले, वस्तीतल्या अंगणात जाऊन मुले गोळा केली आणि पुढे कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. अंगणवाडी या शब्दातच अंगण आहे. मी अनेक वर्षे बालवाडीत काम करते आहे आणि खाली सांगितलेली पद्धत मी नागपूरच्या हवेत वापरलेली आहे.

आधी नागपूरची थंडी समजून घ्यावी

डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचे तापमान सरासरी १२ ते १३ अंश सेल्सिअस असते आणि दुपारचे २७-२८ अंशांपर्यंत चढते. थंडीची लाट आली की पहाटेचा पारा ७-८ अंशांवर येतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे जमीन रात्री भराभर निवते आणि दिवसा तितक्याच भराभर तापते. त्यामुळे सकाळी नऊला हुडहुडी भरलेले मूल साडेअकराला घामाघूम होते, घामाने भिजलेली बंडी दिवसभर अंगावरच राहते आणि चार वाजल्यानंतर ऊन उतरले की तीच बंडी बर्फासारखी गार लागते. आमच्याकडची मुले सकाळच्या थंडीने क्वचितच गारठतात, ती गारठतात ती संध्याकाळच्या ओल्या बंडीने. लहान मुलांच्या शरीरावर वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठ्यांपेक्षा अधिक असते, म्हणून त्यांच्या अंगातील उष्णता लवकर निघून जाते आणि ओला कपडा ती आणखी लवकर ओढून घेतो. दिवसाची सारी आखणी पंधरा अंशांच्या या चढउताराभोवती करावी.

जागा दिवाळीपूर्वीच ठरवावी

एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि सायंकाळी चार अशा तीन वेळा अंगणात उभे राहून ऊन आणि सावली कुठे पडते ते खडूने आखून घ्यावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास नागपुरात तो सव्वाबाराच्या आसपास सर्वात वर येतो, तेव्हाही क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो, म्हणजे वस्तूची सावली तिच्या उंचीएवढीच पडते. सात मीटर उंचीच्या इमारतीच्या उत्तरेला भर दुपारीसुद्धा सात मीटरपर्यंत सावली राहते आणि त्या पट्ट्यातील दव व ओल दिवसभर हटत नाही. येथील हिवाळी वारेही बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतात. इमारतीच्या दक्षिणेकडील मोकळी जागा म्हणूनच सर्वात चांगली, कारण तिथे ऊन मिळते आणि भिंतीमुळे वाराही अडतो. फाटकाजवळची जागा दक्षिणेला नसेल, तर मुले आत आणण्याच्या सोयीपेक्षा ऊन महत्त्वाचे मानावे.

जागा ठरली की तिथले गाजरगवत हातमोजे घालून मुळासकट उपटावे, कारण त्याने अंगाला खाज येते आणि काही मुलांना श्वासाचाही त्रास होतो. विटांचे व लाकडांचे ढीग हलवावेत, त्यांच्या खाली विंचू असतात. उघड्या टाक्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या कराव्यात, कारण डेंग्यूचे डास थंडी पडली म्हणून लगेच नाहीसे होत नाहीत. दुपारच्या सावलीसाठी कडुनिंबाचे एखादे झाड असल्यास फार उत्तम.

सकाळी लवकर बाहेर काढण्याची घाई करू नये

जानेवारीत सूर्य सात वाजण्याच्या थोडा आधी उगवतो आणि जमीन तापायला त्यानंतर दोन तास तरी लागतात. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून; नागपूरच्या हिवाळ्यासाठीही ती वेळ योग्य आहे. दुसरे कारण हवेचे आहे. थंड पहाटे जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसते, त्यामुळे वाहनांचा आणि जाळलेल्या पाचोळ्याचा धूर वर न जाता खालीच साचून राहतो. उन्हाने जमीन तापली की हे झाकण मोडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर या अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक रोज पाहता येतो. तो २०० पेक्षा अधिक, म्हणजे वाईट श्रेणीत असेल, तर मी धावण्याचे खेळ अकरानंतर घेते; ३०० च्या पुढे असेल तर त्या दिवशी मुले आतच राहतात, आणि दम्याची मुले २०० लाच आत जातात.

आवारातला पाचोळा जाळू देऊ नये. कोपऱ्यात खड्डा करून तो साठवला तर मुलांना उड्या मारायला मिळते आणि उन्हाळ्यापर्यंत खत तयार होते. सकाळी चौकीदाराने पेटवलेल्या शेकोटीजवळ मुलांना शेकायला बसवणे मला मान्य नाही, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे तर जीवघेणे आहे, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

कपडे: एक जाड नको, तीन पातळ हवेत

जाड जॅकेट घातलेल्या मुलासमोर दोनच पर्याय राहतात, भिजणे किंवा गारठणे. त्याऐवजी आत सुती बंडी, तिच्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सर्वांत वर समोरून उघडणारा लोकरी स्वेटर अशी रचना पालकांना सांगावी. डोक्यावरून काढण्याचा स्वेटर घालणे-काढणे तीन वर्षांच्या मुलाला एकट्याने जमत नाही, आणि पंचवीस मुलांचे स्वेटर ताईंनी काढायचे ठरले तर ते वेळेवर निघतच नाहीत. बटणे मोठी असावीत. विजारीला नाडी नसावी, इलॅस्टिक असावे. थंडीत मुलांना लघवी वारंवार लागते आणि नाडीची गाठ सुटेपर्यंत मूल थांबू शकत नाही.

गळ्याभोवती मफलर गुंडाळू नये. घसरगुंडीत किंवा फांदीत ते अडकले तर गळफास बसतो. टोपीला गळ्याशी बांधायची दोरी असेल तर तीही काढून टाकावी. कान झाकणारी साधी कानटोपी पुरेशी असते, आणि ती सकाळी दहापर्यंतच लागते. अकरानंतर तिच्या जागी उन्हाची सुती टोपी द्यावी. हातमोज्यांची येथे गरज नाही, कारण माती, पाणी आणि पाने बोटांनी हाताळण्यासाठीच तर मूल बाहेर आलेले असते. पायांत मोजे व बंद बूट असावेत आणि दवात भिजलेले मोजे लगेच बदलावेत.

प्रत्येक मुलाची एक कापडी पिशवी खुंटीला टांगलेली असावी व तिच्यात दोन बंड्या, एक विजार, दोन जोड मोजे आणि एक पंचा असावा. सगळ्यांवर नाव धाग्याने शिवून घ्यावे, शाईने लिहिलेले नाव तीन धुण्यांत जाते. ज्या घरात दुसरा स्वेटर नाही तिथे मागणी करण्याऐवजी शाळेने लहान झालेले कपडे गोळा करून ठेवावेत आणि ते देताना चारचौघांत देऊ नयेत.

दिवस कसा पुढे न्यावा

नऊ ते दहा या वेळेत मुलांना बसवू नये. साखळी, लंगडी, पाणी भरलेल्या छोट्या बादल्या वाहून नेणे असे अंग हलवणारे काम द्यावे, म्हणजे ऊब आतून येते. दहा वाजता पहिला स्वेटर निघतो. ही वेळ घड्याळावर ठरवू नये; ताईंनी मुलाच्या मानेच्या मागे, सदऱ्याच्या आत दोन बोटे घालून पाहावे. तिथे ओलसर लागले तर एक थर काढायला उशीर झाला, कोरडे व उबदार लागले तर सारे ठीक आहे, आणि गार लागले तर एक थर वाढवावा. हातांचे तळवे पाहून अंदाज करू नये, खेळणाऱ्या मुलाचे हात बहुधा गारच असतात.

दहा ते बारा हा हाताच्या कामाचा वेळ आहे: मातीची भांडी, पानांची वर्गवारी, मेथी आणि धणे पेरणे. दर तासाला एकाच मुलाची सावली जमिनीवर आखावी. चार वर्षांच्या मुलालाही सावली लहान होते आणि सरकते हे दिसते. आजी लोक सांगतात ते सकाळचे कोवळे ऊन ऊब देते, ते अवश्य घ्यावे; परंतु ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य खाली असताना जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. त्यासाठी अकरा ते एकच्या दरम्यान बाह्या दुमडून थोडा वेळ उन्हात खेळणे अधिक उपयोगी पडते. डोळ्यांसाठीही मोकळा उजेड चांगला: चीनमधील ग्वांग्झू येथे पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेले, तेव्हा तीन वर्षांनंतर त्यांच्यात लघुदृष्टीचे, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याचे, प्रमाण इतर मुलांपेक्षा कमी आढळले.

थंडीत मुले पाणी मागत नाहीत, म्हणून दर तासाला सर्वांनी मिळून कोमट पाणी प्यावे. दुपारी गरम वरण-भात किंवा खिचडी द्यावी. डब्यातली गार पोळी मुले अर्धी टाकतात. मधल्या वेळी संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी, उकडून सोललेले शिंगाडे, मऊ तिळाचा लाडू यांचा हाच हंगाम आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि बिया न काढलेली बोरे मात्र या वयात श्वासनलिकेत अडकू शकतात. बोरन्हाणात मुले जमिनीवरचे वेचून तोंडात घालतात, तेव्हा एक मोठी व्यक्ती केवळ तेवढेच पाहण्यासाठी असावी.

झोप बाहेर घेता येते, पण जमीन अंगातली ऊब ओढते. खाली पोत्यांचा थर, त्यावर चटई, त्यावर सतरंजी घालावी आणि मुलांची डोकी सावलीत, पाय उन्हात येतील असे अंथरावे. झोपण्यापूर्वी बंडी बदलावी. दिवसभरातील सर्वात महत्त्वाची कृती माझ्या मते हीच आहे आणि घाईत नेमकी हीच राहून जाते. एका डिसेंबरात आमच्या हातून ती आठवडाभर राहिली होती आणि संध्याकाळी घरी जाताना मुले कुडकुडत असल्याचे पालकांनी आमच्या लक्षात आणून दिले.

कोणत्या दिवशी आत राहावे

ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी पारा वर चढत नाही. तेव्हा तासाभराने आत-बाहेर करावे. विदर्भात हिवाळ्यातही अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, म्हणून हवामान खात्याचा इशारा सकाळी पाहावा आणि गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता इमारतीत जावे. संक्रांतीच्या आधीचे व नंतरचे काही दिवस मुलांना रस्त्याने रांगेत फिरायला नेऊ नये. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो शहरात लटकताना दिसतो, आणि अंगणही रोज सकाळी फिरून तपासावे लागते.

ताप असलेले, धाप लागलेले किंवा खाणे टाकलेले मूल घरीच असावे. केवळ नाक वाहणारे, पण खेळणारे मूल बाहेर राहू शकते. एखादे मूल थरथरत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा नेहमी बोलणारे मूल कोपऱ्यात गप्प बसले असेल, तर त्याला आत नेऊन कोरडे कपडे घालावेत, मांडीवर घ्यावे आणि कोमट दूध द्यावे. ते सुस्त राहिले तर डॉक्टरांकडे न्यावे. यासाठीच बाहेर अधिक माणसे लागतात. लहान मुलांचे संगोपन व शिक्षण यांविषयीच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती असे प्रमाण सुचवले आहे. अंगणात मला ते अपुरे वाटते आणि मी दहामागे एक धरते.

ऊन चारच्या सुमारास तिरपे होते. थंडी वाजण्याची वाट न पाहता पावणेचारला स्वेटर, मोजे व कानटोपी घालून घ्यावी, मग गोष्ट आणि गाणी घ्यावीत. हात-पाय-तोंड कोमट पाण्याने धुऊन कोरडे झाले की गालांना व ओठांना व्हॅसलिन लावावे. खोबरेल तेल या दिवसांत थिजलेले असते. दुचाकीवरून जाणाऱ्या मुलाला पुढे उभे करू नये, मोठ्यांच्या मध्ये बसवावे, हे पालकांना फाटकावरच सांगावे, आणि ओल्या कपड्यांची पिशवी त्यांच्या हाती देताना मूल आज काय जेवले व किती झोपले तेही सांगावे.