नव्या ओव्हरमनसाठी: डीजीएमएसची माझी पहिली तपासणी

नागपूरजवळच्या एका भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन (पाळीचं काम आणि सुरक्षा बघणारा पर्यवेक्षक) होऊन मला चारच महिने झाले होते, तेव्हा डीजीएमएसचे, म्हणजे खाण सुरक्षा महानिदेशालयाचे, साहेब तपासणीला आले. हे खातं श्रम मंत्रालयाचं. कोळसा मंत्रालयाशी त्याचा संबंध नाही. म्हणून उत्पादनाच्या टार्गेटची सबब तिथे चालत नाही. मुख्यालय धनबादला, पण पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्या नागपुरातच.

वर ऑफिसात त्यांनी जेमतेम दहा मिनिटं घालवली. हवेचं रजिस्टर काखेत मारून थेट फेसवर, म्हणजे जिथे कोळसा काढतात तिथे. तिथे हवेचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर लावला आणि मग रजिस्टर उघडलं. माझ्या सहीखाली तीन दिवस एकच आकडा होता. पहिल्या दिवशी मी मोजलं होतं, पुढचे दोन दिवस उतरवून काढलं होतं. प्रत्यक्षात हवा बरीच कमी भरली. साहेब रागावले नाहीत. "इथे माणसं किती?" एवढंच विचारलं. माणशी मिनिटाला ६ घनमीटर हवा लागते, हा नियम मला पाठ होता. त्या पाळीत किती माणसं आहेत हे मात्र सांगता आलं नाही. ती लाज आजही जात नाही.

आकडे पाठ करताना त्यांचं कारणही समजून घ्या. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की स्फोट होऊ शकतो. म्हणूनच परतीच्या हवेत (खाणीतून फिरून बाहेर जाणाऱ्या हवेत) तो ०.७५ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि १.२५ ला वीज तोडायची. मधलं अंतर माणसांना बाहेर काढण्यासाठी राखलेलं आहे.

परतताना मायनिंग सरदार (ओव्हरमनच्या हाताखाली जागेची सुरक्षा तपासणारा) भाऊंनी एका गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, छत ठोकलं. घट्ट छत खणखणतं. इथे बद्द आवाज आला. साहेबांनी तिथल्या तिथे माणसं हटवली, रस्ता अडवला. नंतर लेखी आदेश आला: आधार दिल्याशिवाय आत कुणी जायचं नाही. सकाळी मी त्याच छताखालून दोनदा गेलो होतो.

परीक्षेच्या तोंडीआधी एखाद्या जुन्या सरदारासोबत छत ठोकायला शिका, पुस्तकातून तो आवाज कळत नाही. नोंद मोजल्या जागीच करा. आणि तपासणीत एखादी गोष्ट ठाऊक नसेल, तर "चला साहेब, मोजून बघू" म्हणा.