जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या अ‍ॅरेत (एका नावाखाली ठेवलेल्या मूल्यांच्या रांगेत) ‘निफाड’ आहे का, कसं बघायचं?

नाशिकरोडच्या क्लासमध्ये हे मी मुलांना आपल्या जिल्ह्यातल्या 15 तालुक्यांच्या नावांवरच शिकवते. जावात अ‍ॅरेला स्वतःची कंटेन्स मेथड, म्हणजे अमुक गोष्ट आत आहे का हे सांगणारी सोय, नसते. म्हणून स्ट्रिंगचा (मजकुराचा) अ‍ॅरे आधी अ‍ॅरेज डॉट अ‍ॅज-लिस्टला (Arrays.asList) द्यायचा आणि मिळालेल्या लिस्टवर कंटेन्स("निफाड") चालवायचं. ट्रू किंवा फॉल्स मिळतं.

एकेक नाव तपासणारा लूप स्वतः लिहिणार असाल तर तुलना इक्वल्सनेच (मजकूर ताडून बघणाऱ्या मेथडनेच) करा, हे मी अगदी बजावून सांगते. डबल इक्वल टू (==) फक्त दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट आहे का एवढंच बघतं. त्यामुळे स्कॅनरने (जावातल्या इनपुट वाचणाऱ्या सोयीने) वाचलेलं "निफाड" अ‍ॅरेत असूनही सापडत नाही. शेवटी स्पेस राहिली, "निफाड " अशी, तरी फॉल्सच. आधी ट्रिम करा.

हजारो नावांत पुन्हा पुन्हा शोधायचं असेल तर सरळ हॅशसेट (झटपट शोधता येणारा जावातला संच) घ्या.