जबड्याच्या सांध्याची प्रतिमा घेताना

जबड्याच्या सांध्याचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, त्यातही प्रजननक्षम वयात, अधिक आढळतात. त्यामुळे तपासणी लिहून देताना गरोदरपणाची शक्यता आवर्जून विचारावी आणि प्रतिमेतून नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते चिठ्ठीवर नोंदवावे. दुखणे केवळ चावण्याच्या स्नायूंचे असेल, तर प्रतिमेची सहसा गरज नसते. हाडाची झीज पाहायची असल्यास सीबीसीटी (क्ष-किरणांनी घेतलेली त्रिमितीय प्रतिमा) योग्य ठरते; चकती (सांध्याच्या दोन हाडांमधली गादी), सांध्यातील द्रव आणि अस्थिमज्जा पाहण्यासाठी मात्र एमआरआयच हवा. ओपीजीमध्ये (संपूर्ण जबड्याच्या सपाट क्ष-किरण प्रतिमेत) चकती दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

एमआरआयपूर्वी दागिने, केसांतील पिना व काढता येणारी कवळी काढून ठेवण्यास सांगावे. तोंड किती उघडते हे पट्टीने मोजावे आणि तेवढ्याच मापाचा प्लास्टिकचा ठोकळा दातांमध्ये ठेवावा, कारण वेदनेने जबडा थरथरला की उघड्या तोंडाच्या प्रतिमा हमखास बिघडतात.

खरी कसोटी छेदांची, म्हणजे प्रतिमेतील पातळ कापांची, दिशा ठरवण्यात आहे. कॉन्डाइलचा (खालच्या जबड्याच्या सांध्यातील गोलसर टोकाचा) लांब अक्ष तिरका असतो, त्याचे आतले टोक मागे झुकलेले असते आणि हा कोन उजवीकडे व डावीकडे सारखा असेलच असे नाही. म्हणून आडव्या छेदावर प्रत्येक बाजूचा अक्ष स्वतंत्रपणे पाहून सॅजिटल (बाजूने दिसणारे) छेद त्याला काटकोनात आणि कोरोनल (समोरून दिसणारे) छेद त्याला समांतर आखावेत. जाडी ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असावी. दुखणे एकाच बाजूचे असले तरी माझ्या मते दोन्ही सांधे घ्यावेत.

तोंड मिटलेले असताना चकतीचा मागचा जाड पट्टा कॉन्डाइलच्या माथ्यावर, घड्याळातील बाराच्या जागी असतो. तो पुढे सरकलेला दिसल्यास तोंड उघडल्यावर चकती जागेवर येते की नाही ते तपासावे. बाजूला सरकलेली चकती कोरोनल छेदातच नीट कळते. टी-२ या एमआरआयच्या एका प्रकारच्या प्रतिमेत सांध्यातील द्रव पांढरा दिसतो. कोणताही त्रास नसलेल्या अनेकांमध्येही चकती सरकलेली आढळते, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून वेदनेचे कारण ठरवू नये आणि शस्त्रक्रियेची भीती तर मुळीच घालू नये.

तरुण मुलीची हनुवटी मागे जाऊ लागली असेल आणि पुढचे दात एकमेकांना टेकेनासे झाले असतील, तर कॉन्डाइल झिजत असल्याची शंका घ्यावी. अशा वेळी पुढची सीबीसीटी त्याच यंत्रावर, त्याच मापदंडांनी करावी, म्हणजे दोन्ही प्रतिमांची तुलना विश्वासार्ह होते.