ताप, डोकेदुखी आणि अंगात त्राण नाही: घरात काय करायचं, दवाखान्यात कधी पळायचं

पावसाळा लागला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात घराघरात कोण ना कोण अंथरुणात असतंय, आणि सगळ्यांचं एकच, "भिजलास म्हणून आला, एक इंजेक्शन मारून घे." माझ्या धाकट्या भावाचा ताप चौथ्या दिवशी उतरला म्हणून तो लगेच रोप लावणीला गेला आणि संध्याकाळी पोट दुखून उलट्या सुरू, डेंग्यू निघाला. म्हणून हे लिहितोय.

आधी थर्मामीटर लावा, हात लावून ताप कळत नाही. 100.4 फॅरनहाइट आणि वर असला की ताप धरायचा. ताप कुठल्या दिवशी, किती वाजता आला ते कॅलेंडरवरच लिहून ठेवा, पुढचं सगळं या दिवस मोजण्यावर आहे. प्रत्येक वेळचं माप आणि गोळी पण तिथंच लिहा.

गोळी फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला 500 किंवा 650 ची एक, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास जाऊ द्या, दिवसाला चारच्या वर नको. सर्दीच्या गोळीत पण बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंय, ते धरून मोजा. लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा, आणि पोरांचा डोस वजनावर असतोय, तो डॉक्टरच सांगतील. डोकं ठणकतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अजिबात घेऊ नका, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतोय. उरलेली अँटिबायोटिक पण नको.

डोकेदुखी आणि गळाठा अर्धा पाणी कमी पडल्यानं असतोय. भाताची पेज, नाचणीची आंबील, ताक, शहाळं जे जाईल ते थोडं थोडं देत राहा, ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला, ग्लासभर पाण्यात नको. लघवी चार-सहा तासांनी होतेय का बघा. घोंगडं पांघरून घाम काढायचा नाही, कोमट पाण्यानं अंग पुसायचं.

दोन दिवसांत ताप हलला नाही तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडं जाच. डेंग्यूची एनएस1 टेस्ट पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, नंतर आयजीएम नावाची दुसरी रक्ताची टेस्ट बघतात, म्हणून तारीख महत्त्वाची. आणि तुम्ही काय काम करता ते न विचारता सांगा. चिखलात उतरला होता, पायाला जखम आहे तर लेप्टोचा (उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) विचार होतो, काजूच्या बागेत किंवा रानात गेला होता, गोचीड चावली, माकडं मेलेली दिसली तर माकडतापाचा, हा रोग 1957 साली आपल्याच कर्नाटकात शिमोग्याकडं सापडला. अंगावर काळी खपली दिसली तर तीही दाखवा, स्क्रब टायफसमध्ये (बारीक किडा चावून येणारा ताप) तशी येते. सरकारी दवाखान्यात सिस्टर कन्नड बोलत असतील तर घाबरू नका, ताप म्हणजे ज्वर, डोकेदुखी म्हणजे तलेनोवु, थकव्याला सुस्तु, एवढं आलं तरी काम होतंय.

मान वाकत नाही, बडबड, झटके, धाप, डोळे पिवळे, हिरड्यातून रक्त, काळी शी, पोटात जोरात दुखणं, उलट्या थांबत नाहीत, यातलं एक जरी दिसलं तर दिवस मोजत बसू नका, 108 ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला ताप आला की त्याच दिवशी न्यायचं.

आता भावाची चूक. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सगळ्यात धोक्याचे, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि बीपी पडतंय, बाहेरून मात्र माणूस बरा वाटतोय. त्या दिवसांत शेत नाही, गाडी नाही, माणूस नजरेसमोर ठेवा, डॉक्टर सांगतील तेव्हा सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट) परत करा. नंतरचा थकवा दोन-तीन आठवडे राहतोय, तो आळस नव्हे, घरच्यांनी टोचून बोलू नये.

ताप असेतोवर पेशंटला दिवसा पण मच्छरदाणीत झोपवा, डेंग्यूचा डास बहुतेक दिवसाच चावतो. आणि नळाचं पाणी भरलेलं बॅरल आठवड्यातून एकदा ओतून आतून घासा, नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.