जामिनावर असताना घडलेल्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा : कॅलिफोर्नियातील अपिलासाठी तयारीची यादी

एका फेलनीच्या (गंभीर गुन्ह्याच्या) खटल्यात जामिनावर किंवा जातमुचलक्यावर सुटलेल्या माणसाने त्या काळात दुसरी फेलनी केल्याचे सिद्ध झाले, तर कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम १२०२२.१ नुसार शिक्षेत आणखी २ वर्षांची भर पडते. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबावर अशी वेळ आली, की घरच्यांचे सारे लक्ष दुसऱ्या खटल्याकडे लागते; पण या २ वर्षांचे भवितव्य बरेचसे पहिल्या खटल्यावर ठरते.

सर्वांत आधी मुदत सांभाळावी. अपिलाची नोटीस शिक्षा सुनावल्यापासून ६० दिवसांच्या आत, ज्या सुपीरियर कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टात दाखल करावी लागते. खटला पूर्ण चालून शिक्षा झाली असेल, तर नोटिशीत मुद्दे मांडावे लागत नाहीत, त्यामुळे मुद्दे तयार नाहीत म्हणून थांबू नये. गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल आणि त्या कबुलीलाच आव्हान द्यायचे असेल, तर ‘सर्टिफिकेट ऑफ प्रॉबेबल कॉज’साठी (अपिलाला वाजवी आधार आहे, असे शिक्षा देणाऱ्या कोर्टाचे प्रमाणपत्र) कारणांसह शपथेवरचा अर्जही याच मुदतीत द्यावा. खासगी वकील परवडत नसेल, तर अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मागता येतो.

त्यानंतर पहिल्या खटल्याचे कागद मागवावेत : सुटकेचा आदेश, त्याची तारीख, आरोप फेलनीचाच होता का, आणि शेवटी निकाल काय लागला. पहिल्या खटल्याचा निकाल बाकी असतानाच दुसऱ्यात शिक्षा झाली असेल, तर ही वाढ स्थगित ठेवावी लागते, आणि पहिल्यात निर्दोष सुटका झाली तर ती स्थगिती कायमची होते. पहिली दोषसिद्धी अपिलात रद्द झाली, तर फेरखटल्याचा निकाल लागेपर्यंत वाढ थांबते. पहिला गुन्हा २०१४ च्या प्रपोझिशन ४७ (काही गुन्ह्यांची गंभीरता कमी करणारा, मतदारांनी मंजूर केलेला कायदा) खाली मिस्डिमिनर (सौम्य गुन्हा) ठरला असेल, तर वकिलांना ते अवश्य सांगावे, कारण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘पीपल विरुद्ध बायक्स’ या निकालात अशाच कारणावरून वाढ काढून टाकणे योग्य ठरवले.

दुसऱ्या खटल्याच्या आरोपपत्रात वाढीचा उल्लेख आहे का, आणि ती ज्युरीपुढे सिद्ध झाली की आरोपीने मान्य केली, हे पाहावे. शिक्षेच्या दिवशीचा शब्दशः वृत्तान्त आणि ‘ॲबस्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट’ (शिक्षेचा कोर्टाने काढलेला लेखी गोषवारा) शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावेत. न्यायाधीशांनी तोंडी वाढ स्थगित केली आणि कागदावर २ वर्षे लागू झाली, अशी तफावत आढळल्यास सामान्यतः तोंडी सुनावलेली शिक्षा ग्राह्य धरतात. याच वृत्तान्तात, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कलम १३८५ मधील दुरुस्तीनुसार, न्यायहितासाठी वाढ रद्द करण्याची विनंती बचावाच्या वकिलांनी केली होती का, हेही शोधावे. जो मुद्दा तेव्हा मांडला नाही, तो अपिलात मांडणे अवघड जाते.

खटल्याच्या नोंदीत नसलेला पुरावा थेट अपिलात विचारात घेतला जात नाही. तसे काही हाती असेल, तर ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवून हेबियस कॉर्पसच्या (कोठडी बेकायदा असल्याचा दावा करणाऱ्या) अर्जासाठी वकिलांकडे द्यावे.