सीटची रेल, लिंबूसत्व आणि हरवलेले दोन छर्रे

बाबांच्या मारुती ८०० ची ड्रायव्हर सीट एकाच जागी रुतून बसली होती. बाबा पाच फूट तीन, मी पावणेसहा. गाडी माझ्याकडे आली तेव्हा माझे गुडघे स्टिअरिंगला टेकायचे. गॅरेजवाला म्हणाला, "सीटच बदला." मी हट्टाने ती पुण्यात सहकारनगरच्या आमच्या गच्चीवर नेऊन उघडली. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी त्या उद्योगातलं थोडं लिहितो.

घाई नडते ती पहिल्याच बोल्टला. आट्यांवर डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर मुरू द्या आणि रिंग पानाच वापरा. फिक्स पान्याने गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल होतं, मग छिन्नी-हातोडी आली. (नव्या गाडीच्या सीटमध्ये एअरबॅग असू शकते. तिथे घरगुती प्रयोग नको.) रेल म्हणजे सीट जिच्यावर मागे-पुढे सरकते ती पट्टी. डावी रेल, उजवी रेल वेगळी ठेवा, फोटो काढा. आणि रेल जुन्या चादरीवर उघडा. मी नुसत्या फरशीवर सरकवली, आतले छर्रे टणाटण उडाले, त्यातले दोन पावसाळी पाइपात गेले.

आधी रॉकेल आणि तारेचा ब्रश. वीस वर्षांचं ग्रीस, धूळ आणि भेळेतले शेंगदाणे यांचा जो काळा लगदा होतो, त्याच्यावर ॲसिड काही करत नाही. तो निघाल्यावरच गंज दिसतो.

गंजाला लिंबूसत्व पुरतं, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड. एक लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम. रेल लांब असते, बादलीत आडवी मावत नाही. म्हणून मी चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा घेतला, खालचं टोक टोपीने बंद केलं आणि रेल त्यात उभी सोडली. दर दोन-तीन तासांनी काढून ब्रश मारायचा. दुसरी रेल मी रात्रभर विसरलो, तर सकाळी काळपट आणि खड्डेखड्डे पडलेली निघाली.

दोन गोष्टी या पाण्यात घालू नका. एक, पिवळसर झाक असलेले बोल्ट. अशा बोल्टवर जस्ताचा मुलामा असतो आणि ॲसिड आधी तोच खातं. दोन, स्प्रिंग. ॲसिडमुळे कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग पुढे अचानक तुटू शकते. तिला रॉकेल आणि ब्रश एवढंच. पाठ मागे-पुढे करणाऱ्या यंत्रणेतली गुंडाळलेली स्प्रिंग तर मी उघडलीच नाही. ती ताणलेली असते, सुटली तर बोट जाईल.

बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. मी हे जुलैमध्ये केलं, हा मूर्खपणा. पुसून आत चहा घेऊन येईपर्यंत लोखंडावर नारिंगी पावडर! शेवटी बायकोचा हेअर ड्रायर चोरला. तुम्ही एप्रिल-मेचं ऊन गाठा.

रंगाचा मोह आवरा. रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग फक्त बाहेरच्या बाजूला. जिथे रेल सरकते तिथे रंगाचा थरही अडतो, तिथे लिथियम ग्रीसच, तेही बोटभर नाही, पुसटसं. भोसरीला पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला रंग, छान करून मिळतं, पण त्याची भट्टी १८०-२०० अंशांची असते. प्लॅस्टिकचे बुश आधी काढले नाहीत तर वितळतील.

सीटच्या दांडीची मूठ मला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाली. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. बोल्ट मात्र तिथून घेऊ नका, नाना पेठेतून डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेले नवे घ्या. ब्रेक दाबला की सीटसकट आपलं वजन त्यांच्यावर येतं. हरवलेले छर्रे सायकलच्या दुकानात मिळाले, उरलेला एक नमुन्याला नेला होता म्हणून.

बसवल्यावर प्रत्येक खाचेत 'खट्' आवाज येतो का बघा आणि बसून, पाय रोवून मागे जोर लावा. माझी तिसऱ्या खाचेत निसटत होती. पुन्हा सगळं उघडलं, तर रंगाचा एक ओघळ आत गेलेला.

परवा बाबा येऊन बसले. दांडी ओढली, सीट सुळकन पुढे घेतली, चौकापर्यंत चक्कर मारून आले आणि उतरताना ती मागे सारायला विसरले.