झाडीपट्टीच्या मांडवात व्हॉल्व्हचा अँप कसा लावायचा

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा भागात नाटकांचा हंगाम लागतो आणि मी रात्रभर वादकांत गिटार घेऊन बसतो. माझा अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, १५ वॉटचा आहे. आत ईएल८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, पुढं १२ इंची स्पीकर. एकाच रात्री त्यातून लावणी, कव्वाली आणि रडक्या प्रवेशामागचं हळू वाजणं काढायचं असतं.

नॉबला हात लावण्याआधी व्होल्टेजचा मीटर पाहा. एका गावात शेतीपंपांची रात्रपाळी सुरू होती, व्होल्टेज १८० पर्यंत उतरलेलं. आवाज मऊ, दबका येऊ लागला म्हणून मी ट्रेबल वाढवत गेलो. पंप बंद झाले, लाईट सुधारली आणि नेमक्या हळव्या गाण्यात गिटार कानात टोचू लागली. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात. लाईट पडली की तेही पडतात. तेव्हापासून स्टॅबिलायझर सोबतच असतो. अर्थिंगही तपासून घ्या, तारा हातात धरून वाजवायचं आहे.

आता अँपचे नॉब. घड्याळ समजा: ७ म्हणजे बंद, १२ मध्य, ५ पूर्ण. गेन म्हणजे गिटारचा आवाज आत किती चढवायचा ते, मास्टर म्हणजे बाहेर एकूण किती सोडायचा ते.

हळव्या गाण्याला गेन ९ वर, मास्टर १ वर. गेन कमी नि मास्टर जास्त, म्हणजे स्वर स्वच्छ राहतो आणि तरी भरलेला वाटतो. मिड (मधली पट्टी) १, ट्रेबल ११, थोडा रिव्हर्ब (घुमारा). बेस १० च्या वर नको, मांडवात ढोलकी आणि ऑक्टोपॅडनं खालची जागा आधीच भरलेली असते.

लावणीला रिव्हर्ब बंद. ट्रेबल १ वर, गिटारचा पिकअप ब्रिजजवळचा, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडचा. ढोलकीच्या थापेसोबत तुकडा तुटक पडला पाहिजे.

कव्वाली आणि भीमगीतं मला सगळ्यात आवडतात, कारण व्हॉल्व्हची खरी करामत तिथं कळते. गेन १२ च्या आसपास असा ठेवा की हळू छेडलं तर स्वच्छ आणि जोरात मारलं तर किंचित फाटेल. मग अँपला हात लावायचा नाही. कडव्यात गिटारवरचा व्हॉल्यूम (इथं घड्याळ नाही, नॉबवरचे आकडे) ६ वर, कोरस उचलला की १० वर. पेटी मधल्या पट्टीत गच्च बसलेली असते, म्हणून इथं मिड ११ वर उतरवा नि ट्रेबल थोडा चढवा. पेटीवाल्याशी भांडू नका, त्याला जागा द्या.

कॉलेजच्या गॅदरिंगला रॉक वाजवायचं असेल तर गेन ३, बेस ९, मिड २. पोरं मिड पूर्ण काढून टाकतात. घरी एकट्यानं वाजवताना ते भारी वाटतं, पण ड्रम सुरू झाला की गिटार गायब होते. आवाज कमी पडला तर अँपपुढं माइक लावा, गेन वाढवू नका.

दोन गोष्टी जीवाच्या. स्पीकर काढून अँप कधी चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि मागची पाटी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट साठून राहू शकतात.

पहाटे प्रयोग संपला की सगळे घाईत असतात. तरी अँप पंधरा मिनिटं निवू द्या आणि मगच मेटॅडोरमध्ये चढवा. गरम फिलामेंटला रस्त्यातले खड्डे सोसत नाहीत.